चिखलदऱ्याच्या घाटातील रविवारच्या शर्यती आणि उताराचा हिशेब

गढीच्या_पायथ्याशी (धागाकर्ता)

आमचे गाव परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे. संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी एवढाच आमचा व्याप असल्याने वर्षातील बराच काळ या रस्त्याशी आमचा संबंध बाजारापुरता असतो. मात्र जुलै उजाडला, डोंगर हिरवा झाला आणि धबधबे सुरू झाले की शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूर येथून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. पर्यटकांबद्दल माझी तक्रार नाही. विदर्भात थंड हवेचे ठिकाण ते एकच, तेव्हा लोक तेथे जाणारच, आणि वर खवा-रबडी विकणाऱ्यांची, भुट्टे भाजणाऱ्यांची कमाई त्यांच्यावरच अवलंबून आहे. तक्रार आहे ती या गर्दीत मिसळून येणाऱ्या आणि घाटाला शर्यतीचे मैदान समजणाऱ्या टोळक्यांबद्दल.

गेल्या रविवारी वरच्या गावातील तेरवी आटोपून मी मोटारसायकलने खाली येत होतो. दुपारचे चार वाजले असतील, पण धुके इतके दाट होते की पुढचा कठडा अगदी जवळ आल्यावरच दिसत होता. एका वळणावर एक मुलगा मोबाइल हातात धरून उभा होता आणि वरून सुटलेल्या सहा-सात मोटारसायकलींची वेळ मोजत होता. त्या एकामागून एक आल्या, आणि त्यांतील तिसरी वळण न मावल्याने सरळ समोरच्या बाजूला गेली. त्या बाजूने एक कोरकू आदिवासी बाई सरपणाची मोळी घेऊन चढत होती. तिने मोळी टाकली आणि नालीत उडी घेतली म्हणून ती वाचली. गाडीवाला थांबला नाही. मी थांबलो तोवर ती उठली होती. मोळी डोक्यावर चढवायला मी हात लावला, आणि ती काहीही न बोलता चालू लागली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. घाट चढताना गाडी धापा टाकते म्हणून आपल्याला चढ कठीण वाटतो, पण आमच्या भागात जे अपघात मी पाहिले ते बहुतेक सर्व उतरतानाचे होते. असे का होते, कायदा याबाबत काय म्हणतो आणि गावकऱ्यांनी नेमके काय करावे, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

निवृत्त_लालपरी

मी एसटीत एकतीस वर्षे चालक होतो आणि त्यांपैकी जवळजवळ अर्धी वर्षे परतवाडा-धारणी व परतवाडा-चिखलदरा या फेऱ्यांवर गेली. आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात दिले होते. ते म्हणत, "ज्या गेरनं चढलास त्याच गेरनं उतर, बाप्पा. बिरेक हा थांबाले आहे, उतराले नाही." चढताना चूक झाली तर गाडी फार तर बंद पडते, तिचे वजन आपल्याला मागे ओढत असते आणि वेग आपोआप मरतो. उतरताना तेच वजन गाडीला पुढे ढकलत असते, त्यामुळे चालकाने काहीच केले नाही तरी वेग वाढतो, आणि चूक दुरुस्त करायला मिळणारा वेळ प्रत्येक क्षणाला कमी होत जातो.

नवीन चालक घाट उतरताना पहिल्या वळणापासून पायाखाली ब्रेक दाबून धरतो. त्याला वाटते की आपण सावध आहोत. प्रत्यक्षात तो ब्रेक तापवत असतो. मोठ्या गाडीचे ड्रम तापले की फुगतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि पाय तितकाच दाबला तरी गाडी पूर्वीइतकी आवरत नाही. हवेच्या ब्रेकच्या गाडीत वारंवार पाय मारल्याने टाकीतील हवाही उतरते, म्हणून घाटात आमची एक नजर रस्त्यावर आणि दुसरी हवेच्या काट्यावर असे. खालच्या गेरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेक वळणाच्या आधी थोडा वेळ, पण ठाम मारायचा आणि सोडायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला सवड मिळते.

आता मोटारसायकलवाल्यांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण ती त्यांना कोणी सांगत नाही. बस अरुंद वळणावर वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती चांगली मीटरभर आतून जातात. म्हणून आम्ही पुढचे तोंड बाहेरच्या बाजूला नेऊन मगच वळवतो. मागच्या पोराला वाटते की बसने आतून जागा दिली, आणि तो तेथे घुसतो. ती जागा त्याच्यासाठी नसते, मागच्या चाकासाठी असते. माझ्या आरशात असा मुलगा दिसला की मी वळणातच बस उभी करीत असे, मागचे लोक कितीही ओरडले तरी.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही लोक विसरले आहेत. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबावे असे वाहतुकीच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यामागे सौजन्य नसून व्यवहार आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की ती पुन्हा उचलताना मागे सरकण्याची भीती असते.

वऱ्हाडी_भटक्या

धागाकर्त्यांना आलेला अनुभव वाईट आहे, हे मान्य. तथापि प्रत्येक मोटारसायकलस्वार शर्यत लावायला येतो असा सूर येथे उमटू नये. मी दरवर्षी नागपूरहून मित्रांसह चिखलदऱ्याला येतो. आम्ही हेल्मेट, जॅकेट, हातमोजे सर्व वापरतो. माझ्या मते दोष रस्त्याचा अधिक आहे. कठडे तुटलेले आहेत, वळणावर आरसे नाहीत, पांढरे पट्टे पावसाळ्यापूर्वीच पुसले गेलेले असतात आणि वळणावरच मुरूम पसरलेला असतो. रस्ता नीट केला तर अर्धे अपघात टळतील. सध्याच्या चर्चेचा रोख मात्र पर्यटकांवर बंदी घालण्याकडे जाताना दिसतो.

गढीच्या_पायथ्याशी (धागाकर्ता)

बंदीचा शब्द माझ्या लिखाणात कोठेही नाही. मुरूम पसरलेला असतो हे खरे आहे, आणि तो असतो म्हणूनच तेथे सावकाश जायचे असते.

मेळघाटातील_मास्तरीण

मी मेळघाटातील एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. 'रस्ता नीट केला तर' या मुद्द्यापुरते थोडे आकडे मांडते, कारण माझा अनुभव असा आहे की रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो आणि वळण मात्र तेवढेच राहते.

घाटातील अगदी अरुंद, माघारी फिरणारे वळण घ्या. आपल्याकडे डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मानके आहेत, त्यांत अशा वळणाची आतील त्रिज्या किमान १४ मीटर आणि वेग ताशी २० किलोमीटर धरलेला आहे. म्हणजे ज्या अभियंत्याने ते वळण आखले त्याच्या कागदावरच २० हा आकडा असतो. आता ढोबळ हिशेब करू. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबराची पकड चांगली असेल तर ताशी सुमारे ३६ किलोमीटरला टायर सरकण्याच्या सीमेवर येतात. पाऊस पडून रस्ता ओला झाला की हीच सीमा २७-२८ वर येते, आणि शेवाळ, चिखल किंवा सांडलेले डिझेल असेल तर २० च्या आसपास. वळणाला आतल्या बाजूने दिलेला उतार थोडी मदत करतो, पण फार नाही. येथे गाडी किती अश्वशक्तीची आहे, तिची किंमत काय, चालक किती निष्णात आहे, यांपैकी काहीही हिशेबात येत नाही. पकड आणि त्रिज्या, एवढेच दोन घटक आहेत.

थांबण्याचे अंतर तर याहून फसवे आहे. ओल्या रस्त्यावर, शंभर मीटरला आठ मीटर उतरणाऱ्या उतारावर, ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी धोका दिसल्यापासून एका सेकंदात ब्रेक मारला असे धरले तरी सुमारे ३० मीटर पुढे जाऊन थांबते. ताशी ६० असेल तर ६० मीटर लागतात. वेग दीडपट झाला आणि अंतर दुप्पट झाले. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात कित्येकदा पंधरा मीटरच्या पुढचे दिसत नाही. मग साठने येणाऱ्या मुलाला पुढे थांबलेली गाडी दिसते त्याच क्षणी तिला धडकणे निश्चित झालेले असते. ब्रेक लागायच्या आधीच, त्या एका सेकंदात, तो पंधरा मीटर ओलांडून गेलेला असतो.

ब्रेक का तापतात, त्याचाही हिशेब मी दहावीच्या वर्गात मांडते. परतवाडा आणि चिखलदरा यांच्या उंचीत सुमारे ७०० मीटरचा फरक आहे. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार हे अंतर उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण २६ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेल एवढी असते. तिचा काही भाग हवा आणि टायर यांच्या घर्षणात जातो. उरलेली ऊर्जा एकतर इंजिनाने खायची, नाहीतर चार चाकांच्या मुठीएवढ्या ब्रेक पॅडांनी. मुले हा हिशेब ऐकून हसतात, आणि नंतर सुट्टीत घरच्या गाडीच्या चाकाजवळ हात नेऊन बघतात. हात लावू नका, असेही मी सांगते.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही. हा रस्ता सहलीचा आहे असे शहरातून येणाऱ्यांना वाटते, कारण ते सहलीलाच येतात. आमच्या मुलांसाठी तो शाळेचा रस्ता आहे. या डोंगरात वस्त्या वळणावळणाला आहेत. रस्त्याला पायवाट नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. मुले डांबरावरूनच चालतात, कारण दुसरीकडे चालायला जागाच नाही. गाई-म्हशी तेथूनच जातात, आणि संध्याकाळनंतर सांबर, रानगवे आणि अस्वलेही. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला, तेव्हा या डोंगरांतून तोफा वर न्यायला त्यांना काही दिवस लागले होते. आता घाट उतरायला किती मिनिटे लागली याची चित्रफीत निघते.

परतवाडा_गॅरेज

मास्तरीणबाईंनी २६ लिटर पाण्याचा हिशेब दिला, त्याला माझ्याकडून थोडी पुरवणी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नवीन डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळते, पण तेच ऑइल ओलावा पिऊन जुने झाले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल खोल जाते, ब्रेक लागत नाही. चालक सांगतो की ब्रेक फेल झाले, आणि गाडी थंड होऊन माझ्याकडे येते तोवर पेडल पुन्हा नीट लागत असते, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येकांत ते गाडी घेतली तेव्हाचेच असते, आणि काळे पडलेले असते.

बिनगेरच्या स्कूटरबद्दल विशेष सांगतो, कारण आता मुली-मुले, नवरा-बायको, सगळे स्कूटरवरच चिखलदऱ्याला जातात. या स्कूटरला खालचा गेर टाकता येत नाही. थ्रॉटल सोडल्यावर आणि वेग कमी झाल्यावर तिचा क्लच सुटतो, मग इंजिन तिला धरत नाही. सगळा भार दोन ब्रेकांवर येतो. म्हणून स्कूटरने उतरताना सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवणे, दोन्ही ब्रेक मिळून वापरणे आणि मध्ये दोन-तीनदा थांबून ब्रेक थंड होऊ देणे याला पर्याय नाही. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची आणि त्यावरील दुचाकींना एबीएसची व्यवस्था सक्तीची आहे, परंतु आपल्या भागात त्याआधीच्या गाड्या पुष्कळ आहेत. एबीएस असले तरी ते चाक अडकू देत नाही एवढेच करते. पकड वाढवत नाही.

आणि पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत. इंजिन बंद केल्यावर मोटारीच्या ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पाय मारल्यावर संपते आणि स्टेअरिंग जड होते. चावी पूर्ण फिरली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. फायदा तर काहीच नाही, कारण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गेर टाकून थ्रॉटल सोडले की इंजिनला इंधन जाणे जवळपास बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले तर ते इंधन पीत राहते. म्हणजे गेरमध्ये उतरणे सुरक्षितही आहे आणि स्वस्तही.

पूर्वी_मीही

बराच विचार करून हा प्रतिसाद लिहीत आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी अमरावतीहून येणाऱ्या अशाच एका गटात होतो. वळणावर मोबाइल धरून उभे राहण्याचे कामही मी केले आहे. आता डाव्या गुडघ्यात सळई आहे.

बाहेरून पाहणाऱ्यांना वाटते की या मुलांना मरणाची भीती नाही. भीती असते, पण गटात ती दाखवता येत नाही. खरा धोका मात्र भीतीत नव्हे, रांगेत आहे. सर्वांत पुढचा स्वार रस्ता पाहतो. त्याच्या मागचा त्याचा मागचा दिवा पाहतो. तिसरा दुसऱ्याला. पुढच्याला वळणावर ब्रेक मारायला जेवढी जागा मिळते तेवढी तिसऱ्या-चौथ्याला मिळत नाही, कारण त्याला वळण दिसतच नाही; त्याला फक्त पुढचा गेला आहे एवढे दिसते. धागाकर्त्यांनी पाहिलेली गाडी तिसरी होती, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. मीही तिसराच होतो. वळणाच्या तोंडाशी मुरूम होता, पुढचे दोघे त्याला चुकवून गेले, आणि मला तो दिसला तेव्हा मी त्याच्यावर होतो. गाडी माझ्याखालून निघून गेली. मी कठड्याला अडकलो. कठडा तेथे शाबूत होता, एवढेच माझे नशीब.

आम्ही सगळे परदेशातील डोंगरी शर्यतींच्या चित्रफिती पाहायचो, विशेषतः अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाच्या शिखरावर होणाऱ्या शर्यतीच्या. ही शर्यत १९१६ पासून होते. सुमारे २० किलोमीटरचा रस्ता, १५६ वळणे आणि ४३०० मीटर उंचीवरचे शिखर. २०१८ मध्ये एका विजेरी मोटारीने हे अंतर आठ मिनिटांहून कमी वेळात कापले. खाटेवर पडून असताना मी या शर्यतीबद्दल नीट वाचले, आणि तेव्हा कळले की आम्ही तिच्यातले काहीच घेतले नव्हते. ती शर्यत केवळ चढण्याची असते. रस्ता इतर वाहतुकीसाठी बंद असतो. गाड्या एकेक करून सोडतात आणि घड्याळाशी स्पर्धा असते, शेजारच्याशी नाही. इतके असूनही २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यावर एका नामांकित मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला, आणि पुढे मोटारसायकली या शर्यतीतून काढून टाकण्यात आल्या. त्याच रस्त्यावर एरवी पर्यटकांच्या मोटारी उतरत असताना मध्यावर त्यांना थांबवून ब्रेक किती तापले आहेत ते मोजतात, आणि जास्त तापले असतील तर थंड होईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत.

आम्ही उतारावर, उघड्या रस्त्यावर, समोरून एसटी येत असताना, एकमेकांशी शर्यत लावत होतो.

वऱ्हाडी_भटक्या

आपला प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आले नाही. आमचा गटही ओळीनेच उतरतो. आम्ही शर्यत लावत नाही, पण मागचा पुढच्याला गाठण्याचा प्रयत्न करतो, हे मला आता कबूल केले पाहिजे. पुढच्या वेळी प्रत्येकाने अंतर ठेवायचे आणि ठरलेल्या जागी थांबून एकत्र व्हायचे, असे गटात मांडणार आहे. रस्त्याबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

कोर्टाच्या_आवारातून

कायद्याबाबत विचारले आहे, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी अपघात घडावा लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शर्यत होऊ देणाऱ्यालाही हे कलम लागू होते, तेव्हा वळणावर वेळ मोजणाऱ्यांनी आपण नुसते प्रेक्षक आहोत असे समजू नये. धोकादायक रीतीने वाहन चालवण्यासाठी कलम १८४ आहे. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर कलम १९९-अ अन्वये पालकावर किंवा वाहनमालकावर गुन्हा दाखल होतो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कोणाचा जीव गेल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, ज्यात पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

गावकऱ्यांसाठी याहून उपयोगाची तरतूद म्हणजे कलम १३४-अ. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आमच्याकडे लोक जखमीला हात लावायला घाबरतात, ते याच कारणाने. ही भीती आता ठेवण्याचे कारण नाही.

मेळघाटातील_मास्तरीण

वकीलसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. १०८ ला फोन करण्यासाठी कोणाला तरी वळणे चढून किंवा उतरून जावे लागते, रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जातो, आणि गंभीर जखमीला पुढे अमरावतीला न्यायचे म्हटले की वरून सुमारे ८० किलोमीटर होतात. शहरात ज्या जखमेतून माणूस वाचतो त्याच जखमेने तो येथे दगावू शकतो. रेंज कोणकोणत्या वळणावर मिळते, हे प्रत्येक गावाने लिहून ठेवावे आणि कठड्यावर रंगवावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

निवृत्त_लालपरी

बाईंची सूचना उत्तम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मेळघाटातील सेमाडोहजवळ खासगी बस कोसळली तेव्हाही आधी धावले ते आसपासचे लोकच.

धुक्याबद्दल एक राहून गेले. धुक्यात हेडलाइटचा वरचा प्रकाश (हाय बीम) लावू नका. तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. खालचा लावा. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून उतरण्याची जी नवी पद्धत निघाली आहे ती सोडा, कारण मागच्याला गाडी उभी आहे की चालू आहे हे समजत नाही आणि आपण कोणीकडे वळणार तेही कळत नाही.

गढीच्या_पायथ्याशी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल गावात बैठक झाली, तिचा वृत्तान्त देतो.

पहिली मागणी अर्थातच गतिरोधकांची निघाली. बहुतेकांचे मत तेच होते. मी येथील प्रतिसाद वाचून दाखवले आणि विचारले की धुक्यात, उतारावर, न रंगवलेला गतिरोधक एखाद्या स्कूटरवाल्या जोडप्याला दिसला नाही तर काय होईल. त्यावर बराच वाद झाला. शेवटी वळणाच्या बऱ्याच आधी पातळ रंबल पट्ट्या (गाडीला हादरे देऊन सावध करणाऱ्या), वळणांवर आरसे, तुटलेल्या कठड्यांची दुरुस्ती आणि वळणावरील मुरूम नियमित उचलणे, अशा चार गोष्टी बांधकाम खात्याला लेखी कळवायचे ठरले. वऱ्हाडी_भटक्या यांचा मुद्दा अशा रीतीने अर्जात आला आहे. पोलिसांना स्वतंत्र पत्र देऊन पावसाळ्यात शनिवार-रविवारी दुपारी दोन ते सहा या वेळेत एक नाका मागितला आहे, आणि पत्रात कलम १८९ चा उल्लेख केला आहे.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत पावसाळा संपेल, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून कठड्यांना चुना आम्हीच मारणार आहोत, आणि येत्या रविवारपासून गावातील चार मोठी माणसे दोन अवघड वळणांवर शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन उभी राहतील. कोणाची गाडी अडवायची नाही, कोणाशी भांडायचे नाही. वरून येणाऱ्याला पुढे माणसे चालत आहेत एवढेच कळवायचे. ती कोरकू बाई ज्या वस्तीतील आहे तेथेही मी जाऊन आलो. त्यांच्यापैकी दोघे यायला तयार आहेत.

निवृत्त_लालपरी

भाऊ, माणसे वळणाच्या बाहेरच्या बाजूला अजिबात उभी करू नका. गाडी सुटली की ती बाहेरच फेकली जाते. वळणाच्या पन्नास-साठ मीटर वर, डोंगराच्या बाजूला, कठड्याच्या किंवा झाडाच्या आड पाय ठेवता येईल अशी जागा बघा. झेंडी धुक्यात दिसणार नाही. हातात दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट हवे. पहिल्या रविवारी मी स्वतः येतो आणि जागा दाखवतो.

पूर्वी_मीही

मलाही यायचे आहे. पाय वाकत नाही, पण उभे राहता येते. आमच्या जुन्या गटातील काही जण अजून येतात, ते मला ओळखतात आणि माझ्यासाठी नक्की थांबतील.

परतवाडा_गॅरेज

चमकणारी चार जाकिटे आणि दोन टॉर्च माझ्याकडे आहेत. शनिवारी सकाळच्या चिखलदरा गाडीच्या चालकाजवळ देतो, फाट्यावर उतरवून घ्या.